चारशे तासांत गेलेले ऑइल सील आणि डीलरने बदललेले दुसरेच सील: प्रकल्प नोंदी

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतावर गुढीपाडवा २०२४ ला घेतलेला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. वॉरंटी पुस्तिकेप्रमाणे त्याला २ वर्षे किंवा २,००० तास, जे आधी होईल ते, अशी मुदत आहे. सोलापुरातल्या डीलरने या ट्रॅक्टरची तेलगळती दुरुस्त केली, ती दुरुस्ती चुकली आणि पैसे परत मिळवण्यासाठी वाद घालावा लागला. त्या काळात वहीत लिहिलेल्या नोंदी येथे एकत्र केल्या आहेत. डीलरचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

१२ नोव्हेंबर २०२४, तास मीटर ३९२

हरभऱ्याच्या रानात रोटा (रोटाव्हेटर) मारून आल्यावर क्लच हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कप्प्याच्या, तळाशी तेलाचा थेंब लोंबकळताना दिसला. तेथे एक लहान भोक असते आणि त्यात सैलसर कॉटर पिन लटकत असते. आत चुकून तेल आले तर ते साठून क्लच प्लेटवर उडू नये, बाहेर पडावे, एवढ्यासाठीच ते भोक ठेवलेले असते. म्हणजे तेथून तेल येणे हीच मुळात आतले एखादे ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून तेल अडवणारे कडे, गेल्याची खूण होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. मी फडक्याने पुसले आणि सोडून दिले. या दुर्लक्षात आठ दिवस गेले.

२० नोव्हेंबर, तास ४०६

मतदानामुळे ट्रॅक्टर दिवसभर उभा होता. संध्याकाळी खाली तळहाताएवढा डाग पडलेला होता. डीलरच्या वर्कशॉपला फोन केला, तर फोरमनने ट्रॅक्टर न पाहताच सांगितले, "क्रँकचं मागचं सील गेलंय, घेऊन या." क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याचे मागचे सील इंजिनाचे तेल क्लचकडे येऊ देत नाही. फोरमनच्या आवाजातली खात्री ऐकून मलाही ते खरेच वाटले.

२५ ते ३० नोव्हेंबर, तास ४०८

ट्रॅक्टर वर्कशॉपला दिला. जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात फक्त "ऑइल लीकेज चेक" एवढेच लिहिले गेले आणि मी त्याखाली सही केली. पुढच्या सगळ्या भांडणात मला सर्वांत महाग पडलेली चूक हीच होती. तेल कोठून गळते, कोणत्या रंगाचे आहे, गिअर बॉक्सचे की इंजिनाचे, यापैकी एकही गोष्ट त्या कागदावर नव्हती, त्यामुळे नंतर "तुम्ही जे सांगितलं ते आम्ही केलं" असे म्हणायला डीलर मोकळा राहिला.

इंजिन क्लच हाउसिंगपासून वेगळे करून, फ्लायव्हील काढून, क्रँकचे मागचे सील बदलण्यात आले. ऑइल सील ही झिजणारी वस्तू असल्याने ती वॉरंटीत येत नाही, तरी "संबंध म्हणून" सील फुकट देतो, मजुरी मात्र द्या, असे सांगण्यात आले. बिल पुढीलप्रमाणे झाले: मजुरी ७,८०० रुपये, गॅस्केट ६४० रुपये, सीलंट व किरकोळ साहित्य ७०० रुपये, एकूण ९,१४० रुपये. क्लच प्लेट तेलाने माखलेली होती, ती पेट्रोलने धुऊन परत बसवली. जुने सील मी मागितले नाही. ट्रॅक्टर हातात घेताना "काम समाधानकारक" अशा छापील ओळीखाली आणखी एक सही केली. वर्कशॉपच्या फाटकापर्यंतच ट्रॅक्टर चालवून पाहिलेला असताना कोणते समाधान मी लिहून दिले, हे मला आजही सांगता येत नाही.

७ डिसेंबर, तास ४२१

त्याच भोकातून पुन्हा थेंब येऊ लागले. फोनवर उत्तर मिळाले की हाउसिंगमध्ये राहिलेले जुने तेल निथळत असेल, आठवडाभर वाट पाहा. हे कारण अगदीच खोटे नव्हते. सील बदलल्यावर थोडे तेल काही दिवस निथळू शकते. पण निथळणारे तेल दिवसागणिक कमी व्हायला हवे होते आणि माझ्याकडे ते वाढत होते.

९ ते १५ डिसेंबर, तास ४२३

गळणारे तेल नेमके कशाचे आहे ते शोधायचे ठरवले. या कामातच पहिले दोन दिवस चुकीच्या मार्गाने गेले, कारण मी दोन्ही डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्यांवर, भरवसा ठेवला. इंजिनाच्या तेलाची पातळी हलली नाही आणि गिअर बॉक्सचीही हलली नाही. गिअर बॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल या ट्रॅक्टरमध्ये एकच असून ते ५० लिटरच्या आसपास आहे. त्यातले पाव लिटर गेले तर डिपस्टिकवर ते डोळ्यांना कळणारच नाही, हे मला तिसऱ्या दिवशी सुचले.

मग डिपस्टिकचा नाद सोडून भोकाखाली तारेने एक लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली बांधली. आधी हाउसिंग बाहेरून डिझेलने धुऊन कोरडे केले, म्हणजे दुसरीकडून ओघळून आलेले तेल मोजणीत मिसळणार नाही. आठ तासांच्या कामानंतर बाटलीत २८० मिलिलिटर तेल जमले. ते मधासारखे पिवळट आणि पारदर्शक होते.

रंगावरूनच निकाल लागला असे मला वाटले होते. तेवढ्यात लक्षात आले की दुरुस्तीच्या वेळी इंजिनात नवे तेल टाकले असते तर तेही आरंभी पिवळेच दिसले असते, आणि डीलर नेमके हेच म्हणाला असता. म्हणून इंजिनाची डिपस्टिक काढून तिचा थेंब आणि बाटलीतला थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर शेजारी शेजारी टेकवले. इंजिनाचा थेंब काजळासारखा काळा होता, कारण डिझेल इंजिनाचे तेल काही तासांतच काळे पडते. बाटलीतला थेंब कागदावर फिकट पिवळा पसरला. तिसरा थेंब गिअर बॉक्सच्या डिपस्टिकचा घेतला आणि तो बाटलीतल्या थेंबाशी तंतोतंत जुळला. तिन्ही थेंबांखाली तारीख आणि तास लिहून फोटो काढला.

याचा अर्थ क्रँकचे मागचे सील गळत नव्हतेच. बहुधा ते आधीही गळत नव्हते. गळत होते ते गिअर बॉक्सच्या तोंडाशी, क्लच बेअरिंग ज्या नळीवर सरकते त्या नळीच्या मागे, इनपुट शाफ्टवर (क्लचकडून गिअर बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्यावर) बसणारे सील. दोन्ही सिलांचे तेल एकाच हाउसिंगमध्ये उतरते आणि एकाच भोकातून बाहेर येते, म्हणून नुसते भोक पाहून निदान करणाऱ्याची फसगत होते. माझ्या प्रकरणात तर भोकही न पाहता, फोनवरच निदान झाले होते.

१६ डिसेंबर

गावातले जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना बाटली दाखवली. त्यांनी सिलाबद्दल एक शब्द न काढता विचारले, "ब्रीदर बघितला का?" मी ब्रीदर कोठे असतो तेही पाहिले नव्हते.

गिअर बॉक्समधले तेल तापले की आतली हवा फुगते, ती बाहेर सोडण्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर नावाची लहान टोपी असते. ती बुजली तर आत दाब साठतो, आणि तो दाब सर्वांत कच्च्या जागेतून, म्हणजे सिलाच्या ओठातून (शाफ्टला टेकणाऱ्या कडेतून), वाट काढतो. आमच्या काळ्या रानातली माती ओली झाली की डिंकासारखी चिकटते. टोपीवर ती बसली होती आणि खाली तेलात भिजून कडक झालेला थर होता. ट्रॅक्टर गरम असताना मामांनी गिअर बॉक्सची डिपस्टिक उचलली, तेव्हा सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला.

ब्रीदर सोडवून रॉकेलमध्ये धुतला, फुंकून मोकळा केला आणि परत बसवला. दुसऱ्या दिवशी आठ तासांच्या कामात बाटलीत २८० ऐवजी ९० मिलिलिटर तेल आले. गळती थांबली नाही, पण कारण कळले. दाब कमी झाला, तरी त्या दाबाने सिलाचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मी दर पंधरा दिवसांनी प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतो आणि तो फवारा ब्रीदरवर थेट पडतो. चिखल आत दाबला जाण्यात त्याचा वाटा असू शकतो. मात्र २५० तासांच्या सर्व्हिसच्या कागदावर, जी याच डीलरकडे सप्टेंबरमध्ये झाली, "ब्रीदर साफ केला" या ओळीसमोर बरोबरची खूण आणि त्यांचा शिक्का आहे. खालचा कडक थर दीडशे-दोनशे तासांत तयार झालेला नाही, असे मामांचे मत पडले. मत म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही समजत होते.

१८ डिसेंबर, तास ४४२

बाटली, फोटो आणि सर्व्हिसचा कागद घेऊन वर्कशॉपला गेलो. सर्व्हिस मॅनेजर म्हणाले, "रोटाव्हेटर मारताय ना? मग सील जाणारच." मी विचारले, "मग साहेब, तुम्ही बदललेलं सील कोणतं आणि गळतंय ते कोणतं?" त्यावर दुसरे सील गेले असेल तर तो नवा बिघाड आहे, त्याची मजुरी वेगळी लागेल, असे उत्तर आले. हेच जॉब कार्डावर लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. तोंडी भांडून काही उपयोग नाही हे तेथेच पक्के झाले.

२० डिसेंबर

एक पानाचे पत्र लिहून डीलरला आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवले. दोन्ही पत्रांना मिळून ११८ रुपये लागले. पहिला मसुदा चार पानांचा, त्रागा भरलेला होता. मुलीने तो वाचून "बाबा, यात प्रश्न कुठंय?" असे विचारले, तेव्हा तो फाडला. दुसऱ्या पत्रात तारीखवार घटना आणि पाच प्रश्न एवढेच ठेवले: क्रँकचे सील गळते हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, काढलेले जुने सील कोठे आहे, हाउसिंग उघडलेले असताना इनपुट शाफ्टचे सील का पाहिले नाही, ब्रीदर कोणत्या तारखेला आणि कोणी साफ केला, तेलात भिजलेली क्लच प्लेट धुऊन बसवणे कंपनीच्या पद्धतीत बसते काय. उत्तरासाठी १५ दिवस दिले.

तिसरा प्रश्न सर्वांत जड ठरला, असे पुढे कंपनीच्या माणसाच्या बोलण्यावरून दिसले. या कामातला खर्चाचा मोठा भाग ट्रॅक्टर मधोमध वेगळा करण्याचा आहे, सील तर काहीशे रुपयांचे असते. तो एकदा वेगळा केल्यावर इनपुट शाफ्ट समोर उघडा दिसतो, आणि तेथे ओले आहे की कोरडे, एवढे बोट लावून पाहायला एक मिनिट लागते.

३० डिसेंबर, तास ४४६

क्लच घसरू लागला. चौथ्या गिअरमध्ये चढाला इंजिनाचा आवाज वाढे आणि ट्रॅक्टर मात्र रेंगाळे. धुतलेली प्लेट काही दिवस पकडते आणि मग तापली की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते, हे आता अनुभवाने कळले. ट्रॅक्टर उभा केला. उरलेल्या चार एकरांचे रोटाचे काम भाड्याच्या ट्रॅक्टरने एकरी १,६०० रुपयांनी करून घ्यावे लागले, त्याचे ६,४०० रुपये झाले.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता येते. तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली जाईल असे सांगण्यात आले. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती समेटासाठी आहे, ही गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी.

४ जानेवारी २०२५

कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. पत्रामुळे आला की हेल्पलाइनमुळे, ते कळले नाही. संयुक्त तपासणीची तारीख ९ जानेवारी ठरली, ती डीलरने पुढे ढकलली आणि मग सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली, ज्या काळात सोलापुरात मिस्त्री मिळण्याची अपेक्षा कोणी करत नाही. तारीख १७ वर गेली. त्यात तेरा दिवस गेले.

१७ ते १९ जानेवारी, तास ४४९

या वेळी जॉब कार्डावर मी सांगेन तसे लिहून घेतले: "क्लच हाउसिंगच्या भोकातून गिअर बॉक्सचे तेल येते, क्लच घसरतो, दोन्ही सिलांची तपासणी मालकासमोर करावी, काढलेले भाग मालकास परत द्यावेत." त्यानंतरच किल्ली दिली.

ट्रॅक्टर माझ्यासमोर वेगळा केला आणि मी सलग चित्रीकरण केले. क्रँकचे नोव्हेंबरमध्ये बसवलेले सील पूर्ण कोरडे होते. फ्लायव्हीलच्या मागची बाजूही कोरडी होती. इनपुट शाफ्टचे सील मात्र आपल्या खाचेतून एका अंगाने दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकलेले होते, त्याचा ओठ उलटा वळला होता आणि ओठामागची बारीक स्प्रिंग खोबणीतून सुटली होती. प्रतिनिधीने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि स्वतःच म्हणाला, "आतून दाब आलेला दिसतोय." त्याने हे वाक्य तपासणीच्या कागदावर लिहावे म्हणून मला दोनदा विनंती करावी लागली. "रोटाव्हेटरमुळे" हा शब्द त्या कागदावर आला नाही.

नवे सील बसवण्याआधी शाफ्टवर जेथे ओठ टेकतो त्या जागी नख फिरवून पाहिले. नख अडकले असते तर शाफ्टवर चर पडला आहे असे समजून तेथे पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती, नाही तर नवे सीलही लवकर गेले असते. शाफ्ट गुळगुळीत होता. वर्कशॉपच्या मुलाने सील एका कडेला हातोडीने ठोकायला सुरुवात केली तेव्हा प्रतिनिधीने त्याला थांबवले. मग शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे सील सरकवताना ओठ फाटणार नाही. ओठाला ग्रीस लावले, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवली आणि सिलाच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपच्या तुकड्याने ते चहूबाजूंनी सारखे बसवले. पहिल्या दुरुस्तीत क्रँकचे सील कसे बसवले असेल, हा विचार मनात येऊन गेला.

क्लच प्लेटचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला होता, म्हणून नवी प्लेट बसवली. तिची किंमत ५,६०० रुपये होती. गिअर बॉक्समध्ये सहा लिटर तेल वाढवावे लागले.

२० जानेवारी

हिशेबाची बैठक झाली. डीलरचा पहिला मुद्दा असा होता की क्लच प्लेट वॉरंटीत येत नाही. ती झिजून गेली असती तर मी मान्य केले असते, परंतु ती तेलाने गेली आणि ते तेल चुकीच्या निदानामुळे आणखी ४० तास तिच्यावर उडत राहिले, हे माझे म्हणणे होते. दुसरा मुद्दा अधिक धूर्त होता. तुम्ही ट्रॅक्टर भाड्याने चालवता, म्हणजे हा धंदा झाला, तेव्हा ग्राहक आयोगात तुमची तक्रार टिकणार नाही, असे ते म्हणाले. मी माझ्याच शेतात ट्रॅक्टर चालवतो आणि भावाच्या रानात पैसे न घेता जातो. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली व वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही, असे म्हटले आहे. त्या पानाची प्रत मी बरोबर नेली होती आणि ती टेबलावर ठेवली.

वकील मित्राकडून आणखी तीन गोष्टी आधीच विचारून ठेवल्या होत्या. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ट्रॅक्टरच्या किमतीऐवजी ९,१४० रुपयांच्या दुरुस्तीच्या सेवेबद्दल तक्रार करायची, असा त्याचा सल्ला होता. तयार मसुदा पिशवीत होता. तो बाहेर काढण्याची वेळ आली नाही.

ब्रीदरच्या मुद्द्यावर माझी बाजू अर्धीच होती. त्यांच्या शिक्क्याचा कागद माझ्याकडे होता, पण प्रेशरच्या धुण्याबद्दल विचारल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. म्हणून पूर्ण भरपाईचा आग्रह सोडला. अखेर असे ठरले: नोव्हेंबरची मजुरी ७,८०० रुपये परत, दुसऱ्या वेळची मजुरी व सील विनामूल्य, क्लच प्लेट निम्मी-निम्मी, तेल माझे, भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे कोणीच देणार नाही. समाधानपत्रावर २० तास काम झाल्यावरच सही करीन, हे त्याच कागदावर लिहून घेतले.

३ फेब्रुवारी, तास ४७१

२२ तास झाले, त्यात नांगरट आणि भरलेली ट्रॉली दोन्ही कामे केली. बाटली कोरडी आहे. क्लच पकडतो. ७,८०० रुपयांचा धनादेश ३१ जानेवारीला खात्यात जमा झाला आणि आज समाधानपत्रावर सही केली.

माझ्या खिशातून अखेर गेलेली रक्कम अशी: पहिल्या बिलातले १,३४०, क्लच प्लेटचे २,८००, गिअर बॉक्सच्या तेलाचे १,७४०, भाड्याच्या ट्रॅक्टरचे ६,४००, सोलापूरच्या खेपांना डिझेल व प्रवास मिळून २,२०० आणि टपालाचे ११८, एकूण १४,५९८ रुपये. पहिल्या थेंबापासून आजपर्यंत ८३ दिवस गेले.

ब्रीदरवर जुन्या ट्यूबचा तुकडा छत्रीसारखा बांधला आहे, खालून हवा जाईल एवढी फट ठेवून. धुताना त्यावर पिशवी घालतो आणि धुऊन झाल्यावर आठवणीने काढतो, कारण ती तशीच राहिली तर ब्रीदर पुन्हा बंदच. नोव्हेंबरमध्ये काढलेले क्रँकचे जुने सील अजून मिळालेले नाही. भंगारात गेले असे सांगतात. ५०० तासांच्या सर्व्हिसला ट्रॅक्टर याच वर्कशॉपला न्यावा लागणार आहे, आणि त्या दिवशी कागदावर खूण होण्याआधी ब्रीदर माझ्यासमोर उघडावा असे फोरमनला आजच सांगून आलो.